'ब्लॅकमेल'मधली सुरी आणि तुमची तक्रार

नमस्कार. माझ्या 'ब्लॅकमेल'वरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, मग रात्री हिचकॉकचा 'ब्लॅकमेल' (१९२९) पुन्हा लावला. हा चित्रपट दोन्ही रूपांत निघाला होता, म्हणून आधी बोलपट, मग मूकपट. त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

तुमचे तीन आक्षेप. मी नायिकेला, दुकानदाराच्या मुलीला, म्हणजे ॲलिसला 'खुनी पोरगी' म्हटलं. मूकपट सरस ठरवणं हा फिल्म सोसायटीवाल्यांचा नखरा आहे. आणि ब्रिटिश म्युझियममधला पाठलाग सरळसरळ खोटा दिसतो.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. चित्रकार तिला गोड बोलून खोलीवर नेतो, जबरदस्ती करतो, पडद्याआड झटापट होते आणि आपल्याला दिसतो तो फक्त बाहेर चाचपडणारा तिचा हात. पलंगाशेजारी पाव ठेवलेला, पावाजवळ सुरी. याला खून म्हणणं हा माझा निष्काळजीपणा. मूळ लेखात तो शब्द आता बदलला आहे. 'बाई असून असं लिहिता?' हे मात्र राहू द्या. पुरुषाने लिहिलं असतं तरी ते तितकंच चूक होतं.

पाठलागाचं थोडक्यात सांगते. म्युझियममध्ये चित्रीकरणाला पुरेसा उजेड नव्हता. म्हणून दालनांचे फोटो काढले आणि आरशाच्या साहाय्याने नट त्या फोटोंत बसवले. आरशाचा पारा हवा तेवढाच खरवडायचा, त्या मोकळ्या काचेतून नट दिसतात आणि उरलेल्या आरशात फोटोचं प्रतिबिंब. श्युफ्टान नावाच्या जर्मन माणसाची ही युक्ती. जोड दिसतो, नाही असं नाही. पण त्या अवाढव्य इजिप्शियन चेहऱ्याशेजारून दोरावरून उतरणारा खंडणीखोर ट्रेसी बघताना मला जोड शोधायचं भान राहत नाही. तुम्हाला राहत असेल, तर त्यावर माझा इलाज नाही.

आता खरा वाद. तुम्ही म्हणता, बोलपटातला न्याहारीचा प्रसंग हाच चित्रपटाचा कळस. दुकानात आलेली शेजारीण रात्रीच्या खुनाबद्दल बडबडत असते, तिचे बाकीचे शब्द विरत जातात आणि ॲलिसच्या कानावर 'सुरी' एवढाच शब्द आदळत राहतो. वडील पाव कापायला सांगतात, सुरी तिच्या हातून उडते. हा प्रसंग थोरच आहे. आवाज हाताशी येऊन जेमतेम काही महिने झालेल्या माणसाला हे सुचलं, याचं मलाही नवल वाटतं.

पण 'मूकपटात आवाज नव्हता, ती उणीव होती' हे तुमचं वाक्य मला पटत नाही. बोलपट जूनमध्ये आला, मूकपट ऑगस्टमध्ये. इंग्लंडातल्या बहुतेक थिएटरांत ध्वनियंत्रणाच नव्हती, तेव्हा अनेकांनी पाहिला तो मूकपटच. नायिका ॲनी ओंड्रा चेक. तिचे उच्चार लंडनच्या दुकानदाराच्या मुलीला शोभणारे नव्हते. डबिंगची आजच्यासारखी सोय नव्हती, मग जोन बॅरी ही नटी चौकटीबाहेर माइकपाशी उभी राहून संवाद म्हणायची आणि ओंड्रा नुसते ओठ हलवायची. हे एकदा कळलं की बोलपटात ओंड्राच्या चेहऱ्यावरचं अवघडलेपण डाचायला लागतं. मूकपटात तो चेहरा पुरता तिचा आहे. (आपल्याकडे पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, म्हणजे मूकपटांतल्या सुलोचना, यांनाही बोलपट आल्यावर हिंदुस्तानी शिकायला बसावं लागलं होतं. ओंड्राच्या वाट्याला तेवढीही सवड आली नाही.)

आणि मुळात ही गोष्टच बोलू न दिलेल्या मुलीची आहे. तिचा प्रियकर फ्रँक पोलिसात. चित्रकाराच्या खोलीत तिचा हातमोजा त्याला सापडतो, तो खिशात घालतो आणि तिच्या वतीने सगळे निर्णय घेत सुटतो. ट्रेसी हा खंडणीखोर, सज्जन मुळीच नव्हे, पण चित्रकाराला त्याने मारलेलं नसतं. पोलिसांच्या पाठलागात तो म्युझियमच्या घुमटातून कोसळतो आणि पोलिसांच्या लेखी प्रकरण मिटतं. इकडे ॲलिस सगळं कबूल करायला स्कॉटलंड यार्डात पोचलेली असते. ती तोंड उघडते, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजतो. साहेब तिला फ्रँकच्याच हवाली करतात. दारावरचा शिपाई बाई-डिटेक्टिव्हवरून विनोद करतो, सगळे हसतात.

हे बोलपटातलं सांगते आहे, तुमच्या बोलपटातलं! आवाज मिळाला, पण बोलू दिलं का तिला? हिचकॉकला तर शेवटी तिला अटक झालेली हवी होती. सुरुवातीला अनोळखी गुन्हेगाराच्या बाबतीत जे सोपस्कार फ्रँक सराईतपणे उरकतो, बेड्या, बोटांचे ठसे, तेच तिच्या बाबतीत. निर्मात्यांना ते फार उदास वाटलं.

तेव्हा माझं मत कायम आहे, फक्त 'बोलपट म्हणजे तडजोड' हे लेखातलं वाक्य मागे घेते. न्याहारीच्या प्रसंगापुरती तुमची सरशी. पण एकदा दोन्ही आवृत्त्या लागोपाठ बघा आणि शेवटाकडे त्या हसणाऱ्या विदूषकाच्या चित्रावर लक्ष ठेवा. चित्रकाराच्या खोलीत ॲलिसकडे बोट दाखवणारं ते चित्र पोलीस पुरावा म्हणून उचलून तिच्यासमोरूनच आत नेतात.