पंधरा ग्रॅमचं गिऱ्हाईक

"मामा, एक साधा सापळा करून द्या," असं भाचा म्हणाला आणि मी कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या वर्कशॉपची वाट धरली. भाचा पाखरांचा अभ्यास करतो. मुनिया पकडायची, मापं घ्यायची, पायात नंबराचं कडं घालायचं आणि सोडून द्यायची. 'पकडायची कशाला मग?' असं मी विचारलं, तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम १९२७ पासून करतेय, असं सांगून त्यानं माझं तोंड बंद केलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालचा परवानाही दाखवला. माझ्या लग्नाला इतके शिक्के लागले नव्हते.

वर्कशॉपवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, "जनावर केवढं?"

"बारा ते सोळा ग्रॅम."

"किलो म्हणा."

"ग्रॅम."

त्यानं वेल्डिंगची काच कपाळावर सरकवली. "मग हिकडं कशाला आलासा? गुजरीत जावा, सोनाराकडं."

तरी चौकट करायला घेतलीच, तीही लोखंडी अँगलची. पिढ्यान्‌पिढ्या टिकली असती. खाली मुनियेचा पापड झाला असता. शेवटी ॲल्युमिनियमची पाइप, मऊ जाळी आणि कडेला स्पंज यावर तडजोड झाली. चौकट एका खिळीवर टेकवायची, खाली राळे टाकायचे, लांबून बटण दाबायचं. आपोआप पडणारा सापळा भाच्याला नको होता, कारण त्यात खारही सापडते आणि मांजरही. माणूस बघत पाहिजे, पाखरू लगेच बाहेर काढता आलं पाहिजे.

खिळी ओढायला जुन्या गाडीच्या दरवाजाचं लॉक उघडणारी मोटर मिळाली. रिमोट म्हणून लक्ष्मीपुरीतून बिनतारी डोअरबेल आणली, स्पीकर काढून तिथं रिले, म्हणजे मोटर चालू करणारा विजेचा खटका, जोडला. मोटर खटकन खिळी ओढायची. नाद खुळा!

शेजारच्या काकूंनीही तसलीच बेल घेतली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी बटण दाबलं की काकू दार उघडून रिकाम्या जिन्याकडं बघायच्या. त्यांच्याकडं पेपरवाला, कुरिअर, भिशीच्या बायका, कुणीही आलं की आमच्या परसात सापळा धाडकन पडायचा. भिशीच्या दिवशी तर मोटर तापली.

मग एका सकाळी राळ्यावर खरंच मुनिया उतरली. भाच्यानं श्वास रोखला, बटणावर अंगठा ठेवला. तेवढ्यात चौकट पडली, पाखरू अलगद आत.

मापं झाली, कडं घातलं, मुनिया भुर्र उडाली. भाचा वही घेऊन बसला. 'सापळा कोणी सोडला' या रकान्यापाशी बराच वेळ अडला आणि मग त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं : दूधवाला.