क्लिंगॉनांच्या घरी

‘सिरियलवरनं काढलेलं पुस्तक’ ही आमच्या घरात जवळजवळ शिवीच होती. बाबा पुस्तकवेडे. फुटपाथवरच्या ढिगातून नेमकं पुस्तक उपसायची त्यांची हातोटी होती, पण मुखपृष्ठावर टीव्हीतला चेहरा दिसला की ते पुस्तक जागच्या जागी परत ठेवायचे. त्यामुळे दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन अंतराळमालिका लागायची तेव्हा मी पोह्यांची बशी घेऊन समोर हजर असलो, तरी त्यावरच्या कादंबऱ्यांना मात्र कधी हात लावला नाही. आई त्यातल्या टोकदार कानांच्या स्पॉकला ‘तो कानवाला’ म्हणायची. आमचं ट्रेकज्ञान तेवढंच.

मागच्या महिन्यात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जॉन एम. फोर्डची ‘स्टार ट्रेक’वरचीच कादंबरी ‘द फायनल रिफ्लेक्शन’ सापडली. १९८४ची प्रत, पानं पिवळी पडलेली, शिवण सुटत आलेली. बाबा आता नाहीत. घेतलं.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ मालिका १९६६ ते ६९, भाग ७९. त्यात क्लिंगॉन म्हणजे परग्रहावरचे खलनायक: चेहऱ्याला तपकिरी रंग, दाढीमिशा, डोळे वटारायचे आणि शेवटी नायकाकडून, म्हणजे अंतराळजहाजाचा कप्तान कर्ककडून, हरायचं. त्यांना घर असेल, लहानपण असेल, संध्याकाळी ते काय करत असतील, हे कुणी विचारायचं कारण नव्हतं. पन्नास मिनिटांत गोष्ट उरकायची तर शत्रूचं बालपण कुठे बसवणार?

फोर्ड नेमका तिथूनच सुरू करतो. कर्क सुट्टी संपवून परततो आणि बघतो तर जहाजावरची माणसं एका कादंबरीच्या नादाला लागलेली. तीच कादंबरी मग आपण वाचतो. म्हणजे कर्क फक्त उंबऱ्यापुरता, आत सगळा क्लिंगॉनांचाच संसार. अनाथ पोरगा व्रेन एका खेळात जिवंत सोंगटी म्हणून उतरतो, तिथे एक सेनापती त्याला हेरतो आणि घरी नेतो. पुढे तो क्रेन होतो. मालिकेत कोर, कोलोथ, कांग अशी बहुतेक क्लिंगॉनांची नावं ‘क’वरूनच का, याचा उलगडा इथे होतो: साम्राज्याच्या सेवेत बढती मिळाली की नावाला ‘क’ लागतो. पटकथा लिहिणाऱ्यांच्या आळसातून फोर्डने अख्खी रीतभात उभी केली. मला तर हे वाचून टाळी द्यावीशी वाटली.

आणि क्लिंगॉनसुद्धा टीव्ही बघतात! त्यांच्या मालिकेचं नाव ‘बॅटलक्रूझर व्हेन्जन्स’. ‘स्टार ट्रेक’वरच्या कादंबरीत ‘स्टार ट्रेक’ची अशी खोडी काढलेली बघून मी रात्री साडेबाराला एकटाच हसत होतो. बायकोने कूस बदलली.

शत्रूच्या बाजूने गोष्ट सांगणं आपल्याला नवीन नाही म्हणा. ‘मृत्युंजय’ वाचून कर्णाच्या बाजूने भांडलेली माणसं प्रत्येक घरात आहेत. पण सावंतांच्या पाठीशी महाभारत होतं. फोर्डच्या पाठीशी होते तपकिरी रंगाचे दोन डबे. (पृथ्वीवरून क्लिंगॉनांकडे जाणाऱ्या राजदूताचं नाव इमॅन्युएल टागोर आहे. आडनाव वाचून मी ताठ बसलो.)

तक्रारही आहे. पहिली पन्नास पानं दमवतात. फोर्ड काही म्हणजे काही समजावून सांगत नाही. शब्द भिरकावतो आणि पुढे जातो. दोन पात्रं एकमेकांकडे बघतात, एक वाक्य बोलतात, आणि तेवढ्यात कुणाचा तरी घात ठरलेला असतो. मला मागे जाऊन जाऊन वाचावं लागलं. आणि हे म्हणे टाइमपास पुस्तक! त्याच वर्षी या माणसाच्या दुसऱ्या एका कादंबरीला ‘वर्ल्ड फँटसी’ पुरस्कार मिळाला होता. बाबांना हे ऐकवायचं राहून गेलं.

मुलाला उत्साहाने सगळं सांगितलं, तर तो म्हणतो, “पण बाबा, ते कॅनन नाहीये ना?” म्हणजे अधिकृत नाही. खरं आहे. १९८७ नंतरच्या मालिकांनी क्लिंगॉनांना वेगळंच वळण दिलं, त्यांची भाषासुद्धा दुसऱ्याच माणसाने बांधलेली चालली. फोर्डचं जग बाजूला पडलं. पण मला तर वाटतं म्हणूनच ते इतकं मोकळं आहे. पुढच्या सीझनसाठी कुणाला जिवंत ठेवायची सक्ती नाही, रंगभूषेचा खर्च नाही. काल्पनिक गोष्टीत खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे स्टुडिओ ठरवणार असेल, तर माझ्या आजीचं अर्धं रामायण रद्द करावं लागेल.

पुस्तकात ‘क्लिन झा’ नावाचा खेळ आहे, क्लिंगॉनांचं बुद्धिबळच. त्याच्या एका प्रकारात दोघांत मिळून सोंगट्यांचा एकच संच असतो. नावातलं ‘रिफ्लेक्शन’ तिथलं. रविवारी मुलाला म्हटलं, चल, आपल्या बुद्धिबळावर करून बघू. फक्त पांढऱ्या सोंगट्या मांडल्या. मी घोडा पुढे काढला. त्याने तोच घोडा उचलून माझ्या प्याद्यावर घातला.

“अरे, ते माझं प्यादं!”

“माझंपण आहे.”

चौथ्या चालीला राजा नक्की कुणाचा यावरून भांडण झालं आणि पट उधळला. पुस्तक आता त्याच्या उशाशी आहे. बेचाळिसाव्या पानापर्यंत पोचलाय, काही कळत नाही म्हणतो, पण परत देत नाहीये.