फ्लोराइडविरुद्ध सह्या करण्याआधी एवढं वाचा

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि दुपारपर्यंत त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. अमेरिकेत यूटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी २०२५ मध्ये दात किडू नयेत म्हणून वापरला जाणारा फ्लोराइड हा क्षार पिण्याच्या पाण्यात घालायला बंदी केली, मग आपण गप्प का? महापालिकेला पत्र देऊ, सह्या करा. एकीने मुलाची फ्लोराइडवाली टूथपेस्ट कचऱ्याच्या डब्यात टाकल्याचा फोटोही टाकला. ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं, पण इतकी चिडले होते की भांडण झालं असतं. म्हणून इथे लिहितेय.

नवी मुंबईच्या पाण्यात फ्लोराइड कोणी घालत नाही. मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला येतं, तिथे शुद्ध होतं, त्यात क्लोरीन पडतं आणि ते आपल्या नळाला येतं. भारतात कुठलीच महापालिका पाण्यात फ्लोराइड मिसळत नाही. जे होतच नाही ते बंद करा, असं पत्र नेरुळमधून जाणार आहे.

आणि जिथे फ्लोराइडने खरोखर माणसं मोडली, तिथल्यासाठी या ग्रुपवर आजवर एक ओळ आलेली नाही.

माझी आत्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या एका गावात दिलेली. तिची मुलगी माझ्याहून थोडी मोठी, आम्ही तिला ताई म्हणतो. ताईच्या लग्नाचे फोटो बघा, एकातही ती दात दाखवून हसलेली नाही. सगळीकडे ओठ घट्ट मिटलेले. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, लहानपणापासून. बघायला येणारे विचारायचे, पोरगी खर्रा खाते का? तिने आयुष्यात सुपारीला हात लावला नव्हता. ती फक्त गावच्या हातपंपाचं पाणी प्यायली.

तो हातपंप आला तेव्हा गावाने नारळ फोडला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर खोदल्या गेल्या. विहिरीच्या गढूळ पाण्यापेक्षा ते स्वच्छ, थंड, बारमाही. पटकी, जुलाब कमी झाले हेही खरं, नाकारत नाही. पण खोलवरच्या खडकातलं फ्लोराइड त्या पाण्यात उतरलेलं होतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. साध्या कँडल फिल्टरनेही जात नाही. लहान वयात, पक्के दात हिरड्यांच्या आत तयार होत असतात तेव्हा असं पाणी पोटात गेलं, की डाग दातासोबतच बाहेर येतो. तो घासून निघत नाही. ताईने राखुंडीने हिरड्या रक्तबंबाळ करून घेतल्या होत्या, मी पाहिलंय.

मोठ्यांना ते हाडांत गाठतं. आत्याची मान आता वळत नाही. हाक मारली की सगळं अंग फिरवून बघते. ती म्हणते, "पाणी त प्याच लागते नं बाई."

आता अमेरिकेचं. तिथे १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली, दात किडू नयेत म्हणून. आज तिथे शिफारस आहे लिटरला ०.७ मिलिग्रॅमची. त्याचा उपयोग होतो, हेही मान्य. कॅनडात कॅलगरीने २०११ मध्ये ते बंद केलं, मुलांचे दात जास्त किडताना दिसले, लोकांनी मतदान करून ते परत मागितलं आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या बाजूला, २०२४ मध्ये अमेरिकेतल्याच सरकारी अहवालाने म्हटलं की लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर त्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो. त्यावरून तिथलं वातावरण तापलं.

तो आकडा परत वाचा. १.५ च्या वर. त्या अहवालाने पाहिलेले अभ्यास चीन, भारत, इराण, पाकिस्तान, मेक्सिको अशा देशांतलेही होते. म्हणजे ज्या भीतीने तुम्ही टूथपेस्ट फेकताय, ती भीती ताईच्या हातपंपासारख्या पाण्याची आहे, तुमच्या नळाची नाही. आपल्याकडचं मानक सांगतं, फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या कितीतरी वस्त्यांना हा 'दुसरा स्रोत' कधी दिसलाच नाही.

जिने पेस्ट फेकली तिचा राग नाही. मुलाची काळजी आहे तिला, ती कोणत्या आईला नसते? बाई गं, पेस्ट परत आण. आपल्या मुलांचे दात बिस्किटं, चॉकलेटं आणि रात्रीच्या दुधाच्या बाटलीने किडतायत. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी पेस्ट, आणि थुंकायला शिकव. बस.

पण बाकीच्यांचा राग आहे. दातांना पुरेल एवढं आणि हाडं मोडेल एवढं यातला फरक फार थोडा असतो. तो गाव बघून, पाणी तपासून ठरतो, दुसऱ्या देशाची बातमी वाचून नाही. आत्याच्या गावात 'हे पाणी पिऊ नका' म्हणून पंपाला लाल रंग मारला, शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं, फीत कापली. त्यातला फ्लोराइड शोषणारा माल संपला की बदलावा लागतो, तो बदलायला कोणी आलं नाही. आता त्या खोलीत गवताच्या पेंढ्या आहेत आणि लाल पंपावर पोरी पाणी भरतात. उपाय अवघडही नाही. तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या 'नीरी' या सरकारी संशोधन संस्थेनेच काढली. रोज कोणीतरी ते करायला हवं, त्याचा पगार द्यायला हवा, एवढंच.

सह्या गोळा करायची एवढी हौस आहे तर यासाठी करा. मंत्रालय आपल्या इथून एका लोकलच्या अंतरावर आहे, पांढरकवड्याहून नाही. बंद पडलेली यंत्रं कधी चालू होणार, असं विचारणारं पत्र मी लिहायला घेतलंय. सही करणाऱ्यांनी खाली नाव टाका. आणि यादीत कोणी विदर्भ-मराठवाड्याकडचं असेल तर आपलं गाव, पंप अजून चालू आहे का आणि शेवटची पाणीतपासणी कधी झाली, एवढं कमेंटमध्ये लिहा. ते सगळं पत्राला जोडायचंय.