बार्नॅकल : ना ताजमहाल, ना मायामीतलं पहिलं घर

अमेरिकेत मुलाकडे जाऊन आलेल्या कुणाच्या तरी लेखणीतून उतरलेला एक मजकूर अधूनमधून व्हॉट्सॲपवर उगवतो. त्याचा गोषवारा असा : फ्लोरिडात मायामीच्या कोकोनट ग्रोव्ह भागात समुद्रकाठी 'बार्नॅकल' नावाचं घर आहे. राल्फ मन्रो नावाच्या खलाशाने ते निर्मनुष्य जंगलात, एकट्याच्या बळावर, क्षयाने आजारी असलेल्या बायकोसाठी बांधलं. मायामीतलं हे सर्वांत जुनं घर. १८९१पासून त्यातली एक फळीही बदललेली नाही आणि इतकी वादळं आली तरी दैवकृपेने त्याला ओरखडा नाही. शेवटी 'प्रेमाचा दुसरा ताजमहाल' आणि जोडलेले हात.

घर आहे आणि १८९१ हे सालही बरोबर आहे. मन्रो मात्र नुसता खलाशी नव्हता. तो शिडाच्या बोटींचे आराखडे करायचा. इथल्या उथळ खाडीत चालतील अशा, बूड पाण्यात फार खोल न जाणाऱ्या बोटी ही त्याची खासियत.

बायकोची गोष्ट आधी उरकतो, कारण ती निव्वळ वर्षांच्या हिशेबात कोसळते. एव्हाला क्षय होता, हवापालटासाठी मन्रोने तिला इथे आणलं होतं, हे खरं. पण ती १८८२मध्येच वारली. घर उभं राहिलं त्यानंतर नऊ वर्षांनी, आणि १८९५मध्ये या घरात आली ती त्याची दुसरी पत्नी जेसी. एव्हाची कबर पाहायची तर ग्रोव्हच्या ग्रंथालयाच्या आवारात आहे.

'सर्वांत जुनं' ही गफलत कशी झाली ते समजू शकतं. सरकारी माहितीत 'मायामी-डेड काउंटीत मूळ जागी उभं असलेलं सर्वांत जुनं घर' असं म्हटलेलं असतं. पुढे पाठवणाऱ्याने 'मूळ जागी' हे दोन शब्द गाळले की झालं! शहराच्या मधोमध लमस पार्कमध्ये विल्यम वॅग्नर यांचं १८५०च्या दशकातलं लाकडी घर आहे, ते दुसरीकडून हलवून आणलेलं. त्याच बागेत एक लांबट दगडी इमारत आहे, १८४०च्या दशकातली. १९२५मध्ये दगड न् दगड सुटा करून ती इथे पुन्हा रचली. ती मळ्यावरच्या गुलामांसाठी बांधली होती. पुढे लष्कराने वापरली. तिच्यावर हात जोडल्याचं चित्र टाकून कुणी मजकूर पाठवत नाही.

'निर्मनुष्य जंगल' हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. मन्रोने १८८६मध्ये इथली ४० एकर जमीन घेतली ती विकत. विकणारा जॉन फ्रो. किंमत ४०० डॉलर आणि वर मन्रोची 'किंगफिश' ही बोट, तिचीही किंमत तेवढीच धरलेली. निर्मनुष्य रानात सातबारा कुणाच्या नावावर असतो? सेमिनोल हे इथले मूळ रहिवासी या खाडीत व्यापाराला येत, त्यांचे फोटो खुद्द मन्रोनेच काढलेले आहेत. हाती कॅमेरा घेऊन माणसं टिपत हिंडणाऱ्या माणसाला आपण निर्जन रानात एकटा बसवतो, याला काय म्हणावं!

शेजारीही होतेच. चार्ल्स आणि इझाबेला पीकॉक या इंग्रज जोडप्याने १८८०च्या दशकात इथे खानावळवजा हॉटेल काढलं. ते चालवायला बहामा बेटांवरून माणसं आली. जमिनीतली चुनखडी फोडून बांधकाम कसं करायचं, या मातीत कुठलं झाड तगतं, हे त्यांना घरूनच ठाऊक. उत्तरेकडच्या गोऱ्यांना ते शिकावं लागलं. आज चार्ल्स अव्हेन्यू म्हणतात त्या गल्लीत ही वस्ती झाली. हॉटेलात काम करणाऱ्या मराया ब्राउन यांचं तिथलं छोटं लाकडी घर साधारण १८९०चं मानतात. म्हणजे 'मूळ जागी सर्वांत जुनं' या नेमक्या दाव्यालासुद्धा हाकेच्या अंतरावर एक तोलामोलाची शेजारीण आहे.

आता ती न बदललेली फळी. १८९१चं घर बैठं होतं, जमिनीपासून उचलून खांबांवर ठेवलेलं, चौफेर रुंद व्हरांडा. मधोमध अष्टकोनी खोली, आपल्या माजघरासारखी. बाकीच्या खोल्या तिच्या कोनांवरून फुटलेल्या. तिच्या माथ्यावर छपरात झरोका. तो उघडला की तापलेली हवा वर निघून जाते आणि व्हरांड्यातून खाडीचा वारा आत ओढला जातो. छपराचा तो निमुळता आकार बोटीच्या बुडाला चिकटून बसणाऱ्या चुनेरी कवचाच्या जीवासारखा दिसतो, म्हणून नाव बार्नॅकल.

पुढे मुलं झाली, जागा अपुरी पडू लागली. आपल्याकडे अशा वेळी पडवी वाढते, फार तर माडी चढते. मन्रोने १९०८मध्ये उलटं केलं : अख्खं घर जॅकवर उचललं आणि खाली नवा मजला घातला. त्यामुळे दारातून आत शिरून 'अहाहा, १८९१!' म्हणत फोटो काढणारा माणूस खरं तर १९०८मध्ये उभा असतो. जुनं घर त्याच्या डोक्यावर असतं. घराच्या इतिहासातली सगळ्यात अचाट गोष्ट ही, आणि मजकूर लिहिणाऱ्याने 'एक फळीही नाही' म्हणून तीच पुसून टाकली.

राहिली दैवकृपा. १९२६च्या सप्टेंबरातल्या भीषण वादळात मायामीची दाणादाण उडाली, घराचं किरकोळ नुकसान झालं. १९९२च्या अँड्र्यू वादळातही ते टिकलं. पण ते उभं आहे किनाऱ्यालगतच्या चुनखडीच्या उंचवट्यावर, आणि बांधणारा बोटींचा आराखडाकार. लाकडावर वारा कसा धडकतो हे त्याला कळत होतं. शिवाय त्याचीच १८८७ची बोटशाळा, म्हणजे बोटी ठेवायची इमारत, खाली पाण्याच्या काठावर होती. घर बांधण्याआधी तो तिच्या वरच्या मजल्यावरच राहायचा. १९२६ने ती नेली. १९७३मध्ये कुटुंबाकडून ही जागा राज्य सरकारकडे आली, आणि आज हिरवळ उतरून गेल्यावर पर्यटक जिच्यासमोर सेल्फी काढतात ती बोटशाळा मागाहून पुन्हा उभारलेली आहे.