‘आता वेगळा महोत्सव कशाला?’ या मेसेजला उत्तर

ट्रान्सजेंडर चित्रपट महोत्सवाची घोषणा झाली, की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: “ट्रान्स लोकांवरचे सिनेमे आता ऑस्करपर्यंत पोचलेत. ओटीटीवर तर हवे तेवढे आहेत. मग वेगळा महोत्सव कशाला? त्यातही निम्मे खेळ ऑनलाइन. घरी बसून बघायचं, तर त्याला महोत्सव का म्हणायचं? स्वतःच वेगळी चूल मांडायची आणि समाज आपलं म्हणत नाही अशी तक्रारही करायची.” मला हा मेसेज तिघांनी पाठवला. तिघेही जवळचे, सिनेमा मनापासून बघणारे. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ऑस्करचं आधी बघू. ‘बॉइज डोन्ट क्राय’ (१९९९) मधल्या ट्रान्स पुरुषाच्या भूमिकेसाठी हिलरी स्वँकला ऑस्कर मिळालं. ‘डॅलस बायर्स क्लब’ (२०१३) मधल्या ट्रान्स स्त्रीच्या भूमिकेसाठी जॅरेड लेटोला मिळालं. ‘द डॅनिश गर्ल’ (२०१५) साठी एडी रेडमेनला नामांकन होतं. तिघांपैकी एकही ट्रान्स नाही. रेडमेनने तर ही भूमिका घेणं ही चूक होती, असं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं. डॅनिएला वेगा ही ट्रान्स अभिनेत्री नायिका असलेला ‘अ फँटॅस्टिक वुमन’ हा चिलीचा सिनेमा २०१८ मध्ये परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. वेगाचं काम मी दोनदा बघितलंय, पुन्हा बघेन. पण तो अपवाद. २०२५ मध्ये ‘एमिलिया पेरेझ’ला तब्बल १३ नामांकनं मिळाली, त्यात कार्ला सोफिया गॅस्कॉन या ट्रान्स अभिनेत्रीचंही एक होतं. आणि त्याच सिनेमातलं ट्रान्स स्त्रीचं चित्रण आपल्याला मागे नेणारं आहे, असं कित्येक ट्रान्स समीक्षक सांगत होते. त्यांचं म्हणणं किती जणांच्या कानावर गेलं? ट्रान्स माणसांची गोष्ट ऑस्करला पोचली हे खरं. ती बहुतेक वेळा दुसऱ्यानेच सांगितली, हेही तितकंच खरं.

ओटीटीचा मुद्दा लवकर आटपतो. या महोत्सवांत दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक फिल्म लघुपट असतात. कुणी चार मिनिटांची केलेली, कुणी अकरा, कुणी वीस. ओटीटी कंपन्या विकत घेतात ते मुख्यतः पूर्ण लांबीचे सिनेमे आणि मालिका. सुटा लघुपट त्यांच्या हिशेबात बसत नाही. शॉन बेकरने ‘टॅन्जरिन’ (२०१५) आयफोनवर चित्रित केला, त्यातल्या माया टेलर या ट्रान्स अभिनेत्रीला अमेरिकेतल्या स्वतंत्र सिनेमांसाठीचा स्पिरिट पुरस्कार मिळाला, आणि सिनेमा करायला मोठा कॅमेरा लागत नाही हे सगळ्यांनी बघितलं. सिनेमा करणं स्वस्त झालं. तो दाखवायची जागा मात्र आपोआप तयार होत नाही. शिवाय ओटीटीच्या शोधचौकटीत नाव टाकायला ते नाव आधी ठाऊक असावं लागतं. महोत्सवात शेकडो प्रवेशिका बसून बघणारं, त्यातून निवडणारं, कशाच्या नंतर काय दाखवायचं हे ठरवणारं कुणीतरी असतं. ते काम कुठलाही अल्गोरिदम करत नाही.

आता ‘घरी बसून बघायचं, तर महोत्सव कसला?’ या वाक्याकडे येते. मेसेजमधलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हेच.

माझी एक मैत्रीण ट्रान्स आहे. घरच्यांना अजून माहीत नाही. पहिल्यांदा तिने असा महोत्सव बघितला तो रात्री साडेबारानंतर, फोनचा उजेड अगदी कमी करून, पांघरूण डोक्यावरून घेऊन. एका कानात इअरफोन, दुसरा कान दाराकडे. अर्धे संवाद तिने नुसत्या सबटायटल्सवर वाचले. “आपल्यासारखी बाई पडद्यावर भांडी घासताना मी पहिल्यांदाच बघितली,” ती म्हणाली. मारलं जाणं नाही, रडणं नाही, गुपित उघडं पडणं नाही. भांडी घासणं. तिला कुणी चित्रपटगृहाच्या रांगेत उभी राहा म्हटलं असतं, तर ती गेली नसती. जाऊ शकली नसती. तिकीट खिडकीवर ओळखपत्र मागितलं तर काय, रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर काय, या भीतीला काही इलाज नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना, ऐकू न येणाऱ्यांना, रात्रपाळी करणाऱ्यांना आणि महोत्सवाच्या गावापासून दूर राहणाऱ्यांनाही ऑनलाइन खेळच आत घेतो.

याचा अर्थ चित्रपटगृह नको असा नाही. तिथे जे घडतं ते घरी घडत नाही. एका लघुपटात नायक आरशासमोर उभा राहून शर्टाची बटणं चुकीच्या काजांत लावतो, काढतो, पुन्हा लावतो. मी तो एकटीने बघितला तेव्हा मला तो प्रसंग उदास वाटला. नंतर तोच प्रसंग भरलेल्या सभागृहात बघितला, तर निम्मं सभागृह हसलं. ते हसणं ओळखीचं होतं, ‘हो रे, मीही असंच केलं होतं’ असं म्हणणारं. मी तो प्रसंग चुकीचा वाचला होता, हे मला त्या हसण्यातून कळलं. मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हसूही थांबत नव्हतं. म्हणून दोन्ही हवं. एकाच महोत्सवाची ही दोन दारं आहेत.

राहिली वेगळी चूल. फ्रान्समधल्या आनसीचा अ‍ॅनिमेशन महोत्सव १९६० पासून चालू आहे, इटलीत मूकपटांचा वेगळा महोत्सव भरतो. त्यांनी स्वतःला वेगळं पाडलं, असं कुणी म्हणत नाही. आणि इथे तर वेगळं होण्याला कारणही होतं. सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी चित्रपटांचा महोत्सव १९७७ पासून होता. तरीही त्याच शहरात वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, क्रिस्टोफर ली हा ट्रान्स दिग्दर्शक आणि त्याच्या सहकाऱ्यांना ट्रान्सजेंडर चित्रपटांचा स्वतंत्र महोत्सव सुरू करावा लागला. त्याच वर्षी टोरांटो आणि लंडनमध्येही असे महोत्सव झाले. आपल्याच म्हणवणाऱ्या घरात नुसता कोपरा मिळत होता, म्हणून ही माणसं बाहेर पडली. ‘बॉइज डोन्ट क्राय’ यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या महोत्सवाचं दार सगळ्यांना उघडं असतं. ट्रान्स नसलेल्या प्रेक्षकाला तिथे कुणी अडवत नाही.

ऑनलाइन खेळांबद्दल मेसेजवाल्यांसारखी माझीही एक तक्रार आहे, फक्त तिचं कारण वेगळं आहे. ऑनलाइन खेळ फार थोडे दिवस खुले राहतात आणि पुष्कळदा ठरावीक देशाबाहेर उघडतच नाहीत. यामागे दिग्दर्शकांची अडचण असते. फिल्म सगळीकडे खुली दिसली, तर पुढचे महोत्सव ‘आमच्याकडे पहिला खेळ होणार नाही’ म्हणून ती नाकारतात. पण ज्यांची हरकत नाही, त्यांच्या फिल्म तरी दोन आठवडे ठेवता येतील. ऑनलाइन खेळांची मुदत संपली तेव्हा माझ्या त्या मैत्रिणीचं दोन लघुपट बघायचं राहून गेलं होतं. ते अजून कुठल्याही ओटीटीवर आलेले नाहीत.