ओळखी वाढवण्याचे शास्त्र

पदवीच्या शेवटच्या वर्षाला येऊनही पुढे काय करायचे याची सुतराम कल्पना नसलेल्या माझ्या मित्रांनो, प्रथम मनातली भीती काढून टाका. काय करायचे हे ठाऊक असल्याशिवाय करिअर होत नाही, हा समज आता जुना झाला. कोणाला ओळखायचे एवढे ठाऊक असले की पुरते, आणि ओळखायचे म्हणजे त्याच्या नावाखालच्या बटणावर बोट टेकवायचे, इतके ते सोपे झाले आहे. आपल्या आधीची पिढी याला वशिला म्हणत असे आणि तो लावताना निदान आवाज खाली आणत असे. आपण त्याला नेटवर्किंग म्हणतो आणि बायोडेटात कौशल्यांच्या यादीत लिहितो.

आरंभ लिंक्डइन या नोकरी-व्यवसायातल्या ओळखींच्या संकेतस्थळापासून करावा. तेथे पाचशेच्या वर कनेक्शन गेली की प्रोफाइलवर नेमका आकडा न दिसता ‘५००+’ एवढेच उमटते, आणि कमाल मर्यादा ३०,००० ची असल्यामुळे जागा संपण्याची चिंता नसते. रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये वानरकुळातल्या प्राण्यांचा मेंदू आणि त्यांच्या कळपाचा आकार यांचा संबंध तपासून, माणसाला साधारण दीडशे जणांशीच खरे नाते सांभाळता येते, असा अंदाज मांडला होता. परंतु तेव्हा लिंक्डइन जन्माला यायचे होते, आणि नाते सांभाळण्याविषयी येथे कोणी बोलतही नाही.

अनोळखी व्यक्तीला पाठवायचा संदेश हा या शास्त्राचा गाभा होय. ‘आपला प्रवास मला अत्यंत प्रेरणादायी वाटला’ असे लिहावे; तो प्रवास कोठून कोठे झाला हे वाचण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, कारण वाचले की प्रत्येकाला वेगळे वाक्य लिहावे लागते आणि मग दिवसाला चाळीस संदेश जात नाहीत. आपली नोकरी गेल्याचे आदल्याच आठवड्यात सविस्तर लिहिणाऱ्या एका गृहस्थांना मी हेच वाक्य पाठवले होते. त्यांनी आभार मानले. (लोक आपल्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ सभ्य असतात, आणि आपले सारे शास्त्र त्यांच्या या सभ्यतेवरच उभे आहे.) उत्तर आलेच, तर लगेच बायोडेटा जोडून रेफरल, म्हणजे त्यांच्या कंपनीत आपल्या नावाची शिफारस, मागावे. समोरच्याचे काम कसे चालते, त्याचा दिवस कशात जातो, अशी चौकशी करत बसणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. हे काम आपल्याला मुळीच आवडणार नाही, असा शोध त्यांना नको तेवढा लवकर लागतो.

कोणी या उद्योगाला हसलेच, तर त्याच्या तोंडावर मार्क ग्रॅनोव्हेटर यांचे नाव फेकावे. या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये असे दाखवले की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत होती, ५५.६ टक्के त्याला अधूनमधून भेटत होते आणि २७.८ टक्के क्वचितच. कारणही सरळ आहे: जवळच्या मित्रांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेल्याच गोष्टी ठाऊक असतात, तर दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरत असल्यामुळे वेगळी बातमी आणतो. यावरून जवळच्या मित्रांवर वेळ घालवणे तोट्याचे असते, असा निष्कर्ष मी तत्काळ काढला आणि गेले सत्र त्यानुसार काढले. हे आकडे ५४ जणांचे होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच लेखात पुढे एक गैरसोयीची गोष्ट आहे, तीही सांगू नये: ही दूरची माणसे अनेकदा जुने कॉलेजमित्र किंवा पूर्वीचे सहकारी होती. म्हणजे ती ओळख मुळात पातळ नव्हतीच. एके काळी एकत्र काम केलेले, एकमेकांचे वागणे पाहिलेले हे लोक कालांतराने लांब गेले होते एवढेच. मुळात जवळ न येताच लांबचे कसे व्हावे, याचे उत्तर लेखात सापडत नाही. आपण तो प्रश्न बटण दाबून सोडवला आहे.

व्यक्तिमत्त्व विकासाविषयी फार लिहीत नाही, कारण तो करण्यापेक्षा जाहीर करणे सोपे असते. एका इंटर्नशिपसाठी अर्ज केल्यावर ‘नकाराने मला काय शिकवले’ हे टिपण मी आगाऊच लिहून ठेवले होते. निवड झाली असती तर ते वाया गेले असते; सुदैवाने तशी वेळ आली नाही.

जुने कॉलेजमित्र आताच जमवून ठेवावेत, म्हणून गेल्या आठवड्यात मी आमच्या प्रकल्पाच्या गटातल्या चौघांनाही रिक्वेस्ट पाठवली आणि सवयीने खाली ‘आपला प्रवास मला अत्यंत प्रेरणादायी वाटला’ असे लिहिले. तिघांनी ती काही न बोलता स्वीकारली. चौथीने स्वीकारण्यापूर्वी एवढेच विचारले की अहवालातले तिसरे प्रकरण, जे मी दिवाळीआधी देणार होतो, ते आता तिनेच लिहून टाकायचे आहे का.