कागदी घोडे आणि खरे घोडे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

स्पोर्ट हॉर्सच्या, म्हणजे इथे अडथळ्यांवरून उडी मारण्याच्या स्पर्धांतल्या घोड्यांच्या, पैदाशीसाठी बाप म्हणून कोण चांगला, हे बघायला मी काही घोड्यांची तुलना केली होती. त्यावर तुम्ही लिहिलंत की बडोद्यात बसून युरोपातल्या घोड्यांचे आकडे जुळवणं म्हणजे कागदी घोडे नाचवणं, ऑलिंपिक गाजवणारा घोडाच बाप म्हणून श्रेष्ठ, आणि स्वतः काहीच न जिंकलेल्या फ्युरिओसोला ऑलिंपिक विजेत्या बालुबेच्या पंक्तीला बसवणं हास्यास्पद. काठियावाडीला मी कमी लेखलं, असंही म्हणालात. टोमणा आवडला, पण मत बदललं नाही.

बालुबे द्यु रुए थोर होता, यात वाद नाही. ब्राझीलचा स्वार रॉड्रिगो पेसोआ याला पाठीवर घेऊन त्याने 1998, 1999 आणि 2000 असे लागोपाठ तीन उडीचे वर्ल्ड कप फायनल जिंकले. पण त्याच 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अडथळ्यापुढे अडून बसला आणि बाद झाला. 2004 चं अथेन्सचं सुवर्णही पहिला आलेला घोडा औषध-चाचणीत सापडल्यावर मागाहून पदरात पडलं. त्या दिवशीची सिडनी बघून कुणी पारख केली असती तर बालुबे यादीतूनच उडाला असता. मी त्याला वर ठेवतो ते त्याची अपत्यंही मोठ्या मैदानांत उतरली म्हणून.

आता फ्युरिओसो. 1939 चा हा थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, शर्यतीत चमकला नाही, उडीच्या मैदानातही त्याचं स्वतःचं नाव नाही. फ्रान्सच्या सरकारी पैदास केंद्रात गेला, आणि त्याचा मुलगा ल्युतर बी याने 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. मुलगी पोमोन बी 1966 ची विश्वविजेती. फ्युरिओसो दुसरा हा मुलगा जर्मनीत ओल्डेनबर्गला गेला आणि त्याच्यापासून उडीत नावाजलेला फॉर प्लेजर झाला. याला अपयशी म्हणायचं असेल तर असे आणखी दहा अपयशी मला चालतील.

आकड्यांबद्दलचा तुमचा संशय मात्र रास्त आहे, फक्त तुम्ही तो चुकीच्या जागी घेतलात. बापांच्या जागतिक क्रमवारीत अपत्यांच्या गुणांची बेरीज होते. ज्याची हजार शिंगरं, त्याला पन्नासवाल्यापेक्षा बेरीज सोपी. शिवाय नावाजलेल्या घोड्याकडे लोक आपली सगळ्यात चांगली घोडी पाठवतात, मग श्रेय बापाचं की आजोळचं? म्हणून मी आधी त्याला मिळालेल्या घोड्या बघतो. उदाहरणार्थ, कोर द ला ब्रियेर हा घोडा फ्रान्समधून 1971 मध्ये जर्मनीतल्या होल्स्टाईनला आला. तिथल्या घोड्या दणकट, पण जड अंगाच्या. याने त्यांच्या शिंगरांना लवचीक पाठ आणि उडीतली गोलाई दिली. हाच घोडा दुसऱ्या तऱ्हेच्या माद्यांवर वापरला असता तर इतका गाजला असता की नाही, मला शंका आहे.

बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांचं उदाहरण तुम्हीच दिलंत. सयाजीराव नावाचं शिंगरू त्यांनी 1945 मध्ये 28,000 गिनींना (गिनी म्हणजे जुनं ब्रिटिश चलन) घेतलं, कारण सख्खा भाऊ डांटे त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. आईबाप तेच, त्यामुळे निदान इथे महाराजांनी आजोळही बघितलं होतं! सयाजीरावने इंग्लंडमधली 1947 ची सेंट लेजर शर्यत मारली, डर्बीत मात्र तिसरा आला. महाराजांचाच घोडा माय बाबू 1948 ची टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकून पुढे अमेरिकेत गेला. त्याची मुलगी केरळा हिच्या पोटी डमॅस्कस झाला, 1967 चा तिथला हॉर्स ऑफ द इयर. बापाच्या रकान्यात माय बाबू कुठेच नाही. मुलीकडून चालत आलेला हा वारसा फक्त पदकं मोजून कसा दिसणार?

काठियावाडी या आपल्या देशी जातीला मी कमी लेखलेलं नाही. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स स्पर्धेला तो जरूर घ्या. दीड मीटरच्या ऑक्सरसाठी, म्हणजे मागेपुढे दांडे असलेल्या रुंद अडथळ्यासाठी, मी घेणार नाही.

राहता राहिली तुमच्या पुतण्याची रेसमधून निवृत्त झालेली घोडी. तिच्यात वेग आणि तापटपणा आधीच भरपूर असणार. तिला भरल्या अंगाचा, डोक्याने शांत, मागच्या पायांत जोर असलेला वॉर्मब्लड, म्हणजे युरोपातल्या स्पोर्ट हॉर्स जातींतला घोडा, बघा. गोठवलेलं वीर्य विकणाऱ्याकडे थरोब्रेड माद्यांपासून त्याला झालेल्या शिंगरांचे व्हिडिओ मागा, पदकांची यादी तो न मागता पाठवेलच. फ्रॅजाइल फोल सिंड्रोम या शिंगरांच्या जीवघेण्या आनुवंशिक आजाराच्या चाचणीचा अहवालही मागा, आणि घोडीचीही चाचणी करून घ्या. दोघंही वाहक निघाले तर दर चारात एक शिंगरू दगावण्याची शक्यता असते, आणि अकरा महिने वाट पाहून ते कळण्यात अर्थ नाही.